टू-ट्वेंटीचं उतारवय

संध्याकाळी सहानंतर छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत दुसऱ्या गिअरची गरज पडत नाही. पैठण गेटकडून टिळक पथाने या, नाहीतर औरंगपुऱ्याकडून. चौकात शिरलं की हातगाड्या, साड्यांच्या पिशव्या सांभाळत चाललेल्या बायका, उलट बाजूने घुसलेली रिक्षा आणि इमरतीच्या कढईपुढची गर्दी. क्लच अर्धा दाबायचा, दोन्ही पाय जमिनीला लावायचे आणि सरकत राहायचं. या गर्दीत एक गाडी अजूनही हमखास भेटते. पुढे अर्धं फेअरिंग, एकाखाली एक दोन दिवे, फेअरिंगलाच जोडलेले आरसे, चेन उघडी. बजाज पल्सर २२०. मालक तिला फक्त ‘टू-ट्वेंटी’ म्हणतात. २००९ मध्ये कंपनीने तिची जाहिरात ‘फास्टेस्ट इंडियन’ अशी केली होती आणि ताशी १४४ किलोमीटरचा दावा केला होता. गुलमंडीत तिला रंगार गल्लीच्या तोंडापासून सुपारी हनुमानापर्यंत जायला पायी माणसाइतकाच वेळ लागतो, कधीकधी जास्तच.

चकचकीत स्पोर्ट्स बाइकबद्दल लिहिणारे बहुतेक जण पहिल्या हजार किलोमीटरबद्दल लिहितात. माझा रस पंधराव्या वर्षात आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हट्टाने घेतलेली गाडी पुढे नोकरीला जाते, लग्नात मिरवते, मग तिच्या टाकीवर पोरगं बसतं, आणि तरीही ती विकली जात नाही. हे का घडतं, याचं उत्तर मालकाच्या प्रेमात शोधण्यापेक्षा यंत्रात आणि या शहरात शोधलेलं बरं. प्रेम तर लोकांचं आरएक्स-१०० वरही होतं आणि यझदीवरही.

आधी शहर. शहरालगतचा बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग उद्घाटनाला आले होते. कंपनी तेव्हा स्कूटरची होती. मोटरसायकल म्हणजे कावासाकीच्या तंत्रज्ञानाची केबी-१००, नंतर फोर-एस चॅम्पियन, मग कॅलिबर. २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर आली, १५० आणि १८० सीसीमध्ये. तिचं रूप ठरवण्यात ग्लिन कर या ब्रिटिश डिझायनरचा हात होता, पण गाडी बजाजची स्वतःची होती, कावासाकीचं नाव टाकीवर नव्हतं. पल्सरचं मुख्य घर चाकण. तरी तिचं गोत्र वाळूजशी जोडलेलं आहे, आणि ते कारखान्यापेक्षा कारखान्याभोवती वाढलेल्या पुरवठादारांमुळे. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या दोन कंपन्या अनुरंग आणि तरंग जैन या जुळ्या भावांच्या. दोघे राहुल बजाज यांचे भाचे. एन्ड्युरन्स शॉक ॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, क्लच, ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवते. व्हॅरॉक दिवे, प्लास्टिकचे भाग, इलेक्ट्रिकल सामान. बडवे, म्हणजे आताची बेलराइज, चॅसिस आणि सायलेन्सरमध्ये. तिन्ही आज शेअर बाजारात आहेत: २०१६, २०१८ आणि २०२५ मध्ये क्रमाने आल्या.

याचा गुलमंडीशी संबंध असा की या शहरात ज्याच्या दारात पल्सर आहे त्याच्या नात्यात किंवा शेजारात कुणीतरी ‘कंपनीत’ आहे. कंपनी म्हटलं की कुठली, हे विचारावं लागत नाही. फर्स्ट शिफ्टची बस चुकू नये म्हणून पहाटे उठणारा माणूस फोर्कच्या नळीवरची क्रोमची पॉलिश बोट फिरवून तपासतो, ओरखडा कुठून आला ते सांगतो. फोर्कचं ऑइल सील गळायला लागलं तर ते सील आधी की नळी आधी, यावर चहाच्या टपरीवर होणारी चर्चा मी पुण्यातही ऐकलेली नाही. मुंबईत तर सोडूनच द्या.

आता यंत्र. पहिली २२० आली २००७ मध्ये, डीटीएस-एफआय नावाने. फ्युएल इंजेक्शन, ऑइल कूलर, मागच्या चाकालाही डिस्क, ट्यूबलेस टायर. तेव्हाच्या भारतीय मोटरसायकलीत इतकं एकाच ठिकाणी मिळत नव्हतं. गाडी महाग होती आणि जेमतेम खपली. दोन वर्षांनी कंपनीने एक विचित्र गोष्ट केली: इंजेक्शन काढून टाकलं आणि कार्ब्युरेटर बसवला. गाडी स्वस्त झाली, ताकद २० वरून २१ पीएसवर गेली आणि ‘फास्टेस्ट इंडियन’ची पाटी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बनवणं थांबवणार असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीच्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले ती आता पोरांना वेग विकत होती.

इंजेक्शनवरून कार्ब्युरेटरवर येणं हे तंत्राच्या दृष्टीने एक पाऊल मागे. माझ्या मते टू-ट्वेंटी इतकी वर्षं टिकली ती या मागे घेतलेल्या पावलामुळे. २०१२ मध्ये केटीएम २०० ड्यूक आली, त्याच वर्षी एनएस-२००, २०१५ मध्ये आरएस-२००. सगळ्या अधिक आधुनिक, लिक्विड कूल्ड. शोरूममधल्या कागदावर टू-ट्वेंटी हरलेली होती. पण गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या मिस्त्रीला ती पोटातून माहीत होती. दोन व्हॉल्व्ह, एक कॅम, दोन प्लग, पाच गिअर, एअर-ऑइलवर थंड होणारं इंजिन. इंजेक्शनच्या गाडीचं दुखणं शोधायला स्कॅनर लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला स्क्रूड्रायव्हर, डबाभर पेट्रोल आणि हवेची नळी पुरते.

तिच्या दोन प्लगांबद्दल थोडं. सिलिंडरचा व्यास ६७ मिलिमीटर. एकाच प्लगची ठिणगी पडली तर जाळ एका बाजूने दुसरीकडे पोचेपर्यंत पिस्टन खाली सरकलेला असतो. दोन बाजूंनी दोन ठिणग्या टाकल्या की मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं. म्हणूनच बजाजने या तंत्राचा एवढा गाजावाजा केला. म्हाताऱ्या गाडीत मात्र यातूनच एक फसवं दुखणं निघतं. दोनांपैकी एक प्लग मेला तरी गाडी सुरू होते, चालते, फक्त ओढ कमी होते आणि ॲव्हरेज पडतं. मालकाला वाटतं, वय झालं गाडीचं. चांगला मिस्त्री आधी एक कॅप काढून बघतो, मग दुसरी.

मिस्त्रीकडची सकाळ जवळून बघण्यासारखी असते. गाडी रात्रभर उभी असलेली पाहिजे, असा त्याचा हुकूम. येताना ढकलत आणली तर उत्तम. सेंटर स्टँडवर लावून तो सेल्फ मारतो, लगेच रेस देत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या डाव्या झाकणावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मग टोक वर सरकतं, हेडवर. खालून बारीक खडखड येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती विरत असेल तर तो टायमिंग चेनकडे बोट दाखवतो. “भाऊ, चेन बोलायलीय. आत्ता टेन्शनर टाकून घ्या, नाहीतर दिवाळीला हाफ इंजिन करावं लागंल.” वरून टकटक येत असेल तर टॅपेट. टॅपेट थंड इंजिनवरच सेट करायचे असतात. गरम इंजिनवर घाईत केलेलं सेटिंग म्हणजे गिऱ्हाईक आठवड्यात परत. फिलरची पातळ पट्टी व्हॉल्व्हच्या फटीत सरकवून तो बोटांनी ओढ अजमावतो. सैलही नको, अडकायलाही नको. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघतो. बरेच जण हे दुसऱ्यांदा बघणं टाळतात. मिस्त्री निवडायची माझी एकमेव परीक्षा ती आहे.

कार्ब्युरेटरच्या झाकणाखाली रबराचा पातळ पडदा असतो. इंजिनच्या ओढीने तो वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर सुई. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी गाडी वरच्या रेसला दम टाकते, आणि मालक क्लच प्लेट बदलून मोकळा होतो. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे. ते ओलावा धरतं, जुन्या काळच्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. २००९ च्या गाडीतले पडदे, ओ-रिंग, पेट्रोल पाइप त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. मराठवाड्यातला ऊस मराठवाड्यातल्या गाडीचा पाइप सडवतो, याला काय म्हणावं. उपाय साधा आहे: पाइप आणि ओ-रिंग ठरावीक काळाने बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. खर्च किरकोळ; न केल्याचा खर्च मोठा.

गुलमंडी या गाडीला दोन बाबतींत छळते. पहिली, उष्णता. पुढच्या बाजूला बसवलेल्या छोट्या कूलरमधून इंजिन ऑइल फिरून येतं, पण त्याला पंखा नाही. हवा मिळते ती गाडी पळाली तरच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. सिटी चौकापासून पैठण गेटपर्यंत रांगत आलेल्या गाडीचं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, न्यूट्रल सापडेनासा होतो, मांडीला झळ लागते. शहरात रोज वापरणाऱ्याने पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच ऑइल बदलावं, हे कुठलाही जुना मालक न विचारता सांगतो. दुसरी, वळण. हँडल क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना थेट आवळलेलं, खाली आणि पुढे. मोकळ्या रस्त्यावर अंग आपोआप झुकतं आणि बरं वाटतं. मच्छली खडकच्या गल्लीत गाडी उलटी फिरवायची तर तीन वेळा पुढे-मागे. त्यात आरसे हँडलबरोबर फिरत नाहीत, फेअरिंगला घट्ट. हँडल वळवलं तरी आरसा जागेवरच बाहेर आलेला, आणि हातगाडीच्या कोपऱ्याची उंची नेमकी तेवढीच. टू-ट्वेंटीचे आरसे जोडीने जुने होत नाहीत. एक कंपनीचा असतो, दुसरा नंतर घेतलेला.

किक नाही, हीसुद्धा जुन्या मालकांची जुनी तक्रार. बॅटरी बसली की धक्का. गर्दीत दुसऱ्या गिअरला धक्का मारून गाडी सुरू करणाऱ्याकडे अख्खी गुलमंडी बघते आणि सल्ले फुकट असतात.

मग वेगाचं काय? रविवारी पहाटे दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून पलीकडे गेलं, घाट चढून खुलताबाद, वेरूळ किंवा म्हैसमाळकडे वळलं की ही गाडी का घेतली होती ते आठवतं. पाच हजार आरपीएमच्या पुढे तिचा आवाज बदलतो आणि ओढ येते. पण तिला साजेसा सरळ रस्ता शहराच्या उशाशी आला आणि तिच्यासाठी बंद राहिला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सावंगी आणि माळीवाड्याजवळून जातो. दुचाकींना तिथे परवानगी नाही. टोलनाक्यावरून ट्रक जातात, मोटारी जातात, ‘फास्टेस्ट इंडियन’ बाजूच्या जुन्या रस्त्याने जाते. सुरक्षेचं कारण मला पटतं. तरी दरवेळी थोडं लागतं.

२०२० मध्ये बीएस-६ आलं आणि टू-ट्वेंटीला इंजेक्शन परत घ्यावं लागलं. २०२२ मध्ये कंपनीने ती बंद केली. पुढच्याच वर्षी पुन्हा आणली, फारसं न बदलता. मोटर कंपन्या आपल्या जुन्या गाडीपुढे अशी माघार क्वचित घेतात. मालकांना याचा फायदा झाला तो सुट्या भागांत: फेअरिंगची पॅनेलं, दिव्याची काच, क्लच प्लेट, चेनकिट मिळत राहिलं. फक्त लोकल माल ओळखता आला पाहिजे. लोकल चेनकिटचं स्प्रॉकेट एका पावसाळ्यात करवतीसारखं होतं.

कार्ब्युरेटरवाल्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२४ मध्ये भरली. आता आरटीओत पुन्हा पासिंग, हरित कर, मग पाच-पाच वर्षांची मुदत. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबर प्लेटही लागते. जीएसटी धरून दुचाकीला ५३१ रुपये. एमएच-२० ची जुनी, रंगवून घेतलेली पाटी काढताना कितीतरी जणांनी ती घरी ठेवली. पासिंगच्या वेळी सायलेन्सर कंपनीचा लागतो, त्यामुळे माळ्यावर टाकलेले मूळ सायलेन्सर शोधायची धावपळ झाली. ज्यांनी तो भंगारात घातला होता त्यांनी मित्राचा उसना आणला.

जुनी टू-ट्वेंटी घ्यायला अनेक पोरं अजून येतात. त्यांना एकच सांगणं. मालकाला फोन करताना किती वाजता येणार ते सांगू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. पुढची डिस्क अंगठ्याने चाचपा, कडेला ओठ तयार झाला असेल तर झिजलीय. पुढचा ब्रेक दाबून हँडल हलवा. कट असा आवाज आला तर कोनसेट गेलाय, त्याचे पैसे किमतीतून कापा. चॅसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा, दाखवणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. आणि हात लावला तेव्हा इंजिन कोमट लागलं, म्हणजे तुम्ही यायच्या आधी गाडी फिरवून आणलेली असेल, तर सौदा बोलू नका. टायमिंग चेन तापल्यावर गप्प बसते. चौकात जा, कचोरी खा, दोन-तीन तासांनी परत या आणि तेव्हा सेल्फ मारायला सांगा.