पाय पुढे, पण किती?

क्रूझर घेतली, स्टाइल आली... आणि शंभर किलोमीटरनंतर कंबर बोलायला लागली? मग फूटरेस्टची जागा बदलण्याआधी हे वाचाच!

रविवारची सकाळ. गंगापूर रोडवरची थंडी अजून हटलेली नसते, आणि क्रूझरवाल्यांची गँग इगतपुरीकडे निघालेली असते. हात रुंद हँडलवर, पाय ऐटीत पुढे. सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला वाटतं, काय लाइफ आहे यार! पण घोटीला चहासाठी थांबल्यावर हीच मंडळी पहिलं काम काय करतात? कमरेवर हात ठेवून मागे वाकतात!

तरुणांच्या खिशाला परवडणारी 'पाय पुढे' स्टाइल आपल्याकडे रुळवली ती बजाजच्या अ‍ॅव्हेंजरने, २००५ मध्ये. २०२० मध्ये रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५० आली आणि ऑफिसला जाणारी पब्लिकही क्रूझरवर दिसू लागली. पण बाइक एकाच मापाची आणि आपण? कुणी पाच फूट तीन, कुणी सहा फूट. म्हणून मग गॅरेजमध्ये हमखास प्रश्न येतो, "भाऊ, हे फूटरेस्ट जरा पुढे-मागे होईल का?"

फंडा काय आहे?

पाय ठेवायच्या मुख्य जागा दोन. एक, जवळपास शरीराच्या खाली, गुडघे वाकवून. दुसरी, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पाय लांब करून. रॉयल एनफिल्डच्याच दोन बाइक्स बघा. सुपर मीटिओर ६५० आणि शॉटगन ६५० यांचं इंजिन एकच, पण पहिलीत पाय पुढे, दुसरीत मधोमध. दोन्ही लागोपाठ चालवल्या तर फरक दहा मिनिटांत कळतो.

पाय पुढे गेले की गुडघे मोकळे होतात. उंच माणसाला तर स्वर्ग! पण शरीराचं वजन पायांवरून उतरून सगळं माकडहाडावर येतं. खड्डा दिसला की फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून थोडं उठायचं, ही आपली सवय इथे चालत नाही. प्रत्येक दणका थेट मणक्याला. शिवाय अंगावर येणारा वारा छातीला मागे ढकलतो, म्हणून हँडल घट्ट धरलं जातं आणि खांदे भरून येतात. बुटक्या चालकाला तर ब्रेकपर्यंत पोचायला सीटवर पुढे सरकावं लागतं.

पाय मधोमध असले तर उलटं. गावातल्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात कंट्रोल चांगला, पण उंच माणसाचे गुडघे दुखतात.

नुसतं फूटरेस्ट हलवून भागत नाही

इथे बरेच जण फसतात. फूटरेस्ट, गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल हे त्रिकूट आहे. एक हललं की बाकीचे दोघे हलायलाच हवेत. गिअरचा जोडदांडा लांब करावा लागतो. त्याच्या सांध्यात ढिलाई राहिली की गिअर अर्धवट पडतात. ब्रेकचं काम त्याहून नाजूक. पेडलची लांबी आणि खिळीची जागा बदलली की पायाचा जोर चाकापर्यंत कमी-जास्त पोचतो. मागचा ब्रेक लाइट लावणारा स्विचही नव्याने बसवावा लागतो. नाहीतर तुम्ही ब्रेक मारताय हे मागच्या ट्रकला कळणारच नाही.

फ्रेमवर वेल्डिंग करून ब्रॅकेट बसवून देतो, असं कुणी म्हणालं तर सरळ नमस्कार करा आणि निघा.

आधी स्वस्तातला उपाय

खूपदा दुखणं जागेचं नसतं, लिव्हरच्या उंचीचं असतं. जोडदांडा असलेल्या बाइकवर त्याची दोन्ही टोकांची लॉकनट सैल करून दांडा फिरवला की गिअर लिव्हर वर-खाली होते. ब्रेक पेडललाही अशी अ‍ॅडजस्टमेंट असते. नेहमीचे बूट घालून बसा. घोटा न वळवता चवडा लिव्हरखाली जातो का? पाय न उचलता ब्रेक दाबता येतो का? हे जमलं तर निम्मी तक्रार तिथेच संपते. नंतर सीटचा फोम बघा. त्यानंतरच फूटरेस्ट.

कावासाकीने व्हल्कन एस या क्रूझरमध्ये तर फूटरेस्टला कारखान्यातूनच तीन जागा दिल्या. माणसाप्रमाणे बाइक, बाइकप्रमाणे माणूस नाही!

हायवे पेग्जचा मोह

लेग गार्डवर दोन पेग लावले की झालं, असा एक शॉर्टकट आहे. पाय ताणायला छान, पण तिथे ना ब्रेक, ना गिअर. ताशी ८० च्या स्पीडला बाइक एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पाय परत ब्रेकवर यायला तो एक सेकंद लागला, आणि समोर पिंपळगावकडून कांदा घेऊन आलेला ट्रॅक्टर वळला, तर? समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मुंबईला जाताना आपल्या नशिबी कसारा घाटच. तिथे पाय ब्रेकपाशीच हवेत.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने नोंदणीसाठी दिलेले मूळ तपशील बदलता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्यामुळे तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेली अ‍ॅक्सेसरीच घ्या, बिल जपून ठेवा, आणि मोठा बदल असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. मागे बसणाऱ्याचं फूटरेस्ट तर काढूच नका, ते नियमानेच लागतं.

बदललंच, तर...

पहिले काही दिवस हायवे नको. रिकाम्या मैदानात जाऊन ताशी ३० वर वीस-पंचवीस वेळा कडक ब्रेक मारा. इतक्या वर्षांची सवय असलेला पाय जुन्याच जागी ब्रेक शोधतो, आणि त्याला नवी जागा शिकवायला वेळ द्यावा लागतो. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्या.

आणि अजून बाइक घ्यायची असेल, तर शोरूमच्या दारातली दोन मिनिटांची चक्कर पुरेशी समजू नका. अर्धा तास मागा. तेवढ्या वेळात कंबर काय ते सांगतेच!