हवामान परिषदेबद्दल राजूरच्या मुलांना काय सांगावे?

दर वर्षी, बहुधा नोव्हेंबरात, हवामान बदलावर बोलायला जगभरातले देश एकत्र जमतात. अकोले तालुक्यातल्या राजूरच्या मुलांपर्यंत त्याची बातमी पोचते ती टीव्हीवर दिसणाऱ्या झेंड्यांच्या रांगेतून. शाळेत मग निबंध होतो आणि झाडे लावण्याची शपथ होते. मुलांची समजूत होऊन बसते की मोठे लोक तिथे जमून झाडे लावायचे ठरवतात. हा सगळ्यांत पक्का गैरसमज आहे आणि तो आपण मोठ्यांनीच त्यांच्या डोक्यात घातला आहे.

वस्तुस्थिती अशी, की तिथे चालते ती घासाघीस. कोळसा, तेल आणि वायू जाळणे कोणी किती कमी करायचे, आधी कोणी करायचे आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर रात्र रात्र बोलणी चालतात. 1992 साली रिओ दी जानेरोत झालेला करार हा या सगळ्याचा पाया. पहिली परिषद 1995 मध्ये बर्लिनला भरली, तर 2002 ची आठवी आपल्याच दिल्लीत. जीवाश्म इंधनांपासून दूर जायचे, एवढे एक वाक्य अंतिम मसुद्यात यायला 2023 ची दुबई उजाडावी लागली. झाडे हवीतच, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे जंगल टिकलेच पाहिजे. पण कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन आपण दोनशे वर्षांत वर काढून जाळला. तो सगळा रोपे लावून परत शोषला जाईल, असे मुलांना सांगणे खोटे आहे.

दुसरा गैरसमज मतदानाचा. मुलांना वाटते, हात वर करायचे आणि बहुमताने निर्णय घ्यायचा. तिथे 197 देश आणि युरोपीय संघ असे 198 पक्ष आहेत, पण मतदानाचे नियम आजवर संमतच झालेले नाहीत. सगळे एकमताने चालते. अशी ग्रामसभा कल्पून पाहा, जिथे एका घराने ठाम हरकत घेतली की ठराव अडतो! तुवालूसारखा चिमुकला बेटांचा देश आणि अमेरिका, दोघांच्याही हरकतीला तिथे वजन आहे. काम सावकाश चालते ते यामुळे, आणि गरीब देश अजून तिथे बसून आहेत तेही यामुळेच. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत अगदी शेवटच्या घटकेला भारत आणि चीनच्या आग्रहाने कोळसा ‘बंद करत जाण्या’ऐवजी ‘कमी करत जाण्या’ची भाषा आली. हेही मुलांपासून लपवू नये. आपली बहुतेक वीज आजही कोळशावरच तयार होते, हे त्यामागचे कारणही त्यांना सांगावे.

परिषदेत ठरले म्हणजे कायदा झाला, असेही नाही. 2015 च्या पॅरिस करारात जगाची तापमानवाढ 2 अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा, असे ठरले. पण आपले लक्ष्य प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि दर पाच वर्षांनी नवे देतो. हिशेब देणे बंधनकारक आहे, लक्ष्य चुकले तर दंड मात्र नाही. अमेरिका या करारातून 2020 मध्ये बाहेर पडली, 2021 मध्ये परत आली आणि 2025 मध्ये तिने पुन्हा बाहेर पडत असल्याचे जाहीर केले.

सगळ्यांत जास्त मला खटकतो तो पुढचा गैरसमज: ‘आपण सगळेच सारखे दोषी.’ एसटीने शाळेत येणाऱ्या, घरी चुलीवर भाकरी होणाऱ्या आदिवासी मुलाकडून ‘मी पृथ्वीची माफी मागतो’ असे वदवून घेणे अन्याय आहे. एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे, हे खरे. पण भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि राजूर-घाटघरच्या पाड्यांवर ते त्याहूनही कितीतरी कमी असणार. ‘जबाबदारी सगळ्यांची, पण वेगवेगळी’ हे तत्त्व 1992 च्या करारातच लिहिलेले आहे. चुलीच्या धुराने आईची छाती भरते, म्हणून ती चूल बदलली पाहिजे. जग तापल्याचा दोष त्या चुलीवर टाकू नये.

पैशाविषयी तर मोठ्यांचाही घोटाळा होतो. हवामानाच्या कामासाठी श्रीमंत देश गरीब देशांना दान देतात, असे वाटते. त्यातला मोठा भाग कर्जाचा असतो. कर्ज म्हणजे काय, हे दाखवायला घाटघर जवळच आहे. तिथला 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प जपानच्या कर्जातून उभा राहिला. ते कर्ज हवामान निधीतले नव्हते, पण परतफेड कर्जाची करावीच लागते, मग ते कोणत्याही कामाचे असो. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत गरीब देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचे ठरले, तेव्हा ही रक्कम फार तोकडी आहे, असे भारताने भर सभेत सुनावले.

हवामान बदल आणि ओझोनचे छिद्र यांची गल्लतही इथे झटपट निस्तरावी: ओझोनचा प्रश्न वेगळा, त्याचा करार 1987 चा माँट्रियलचा, आणि तो बराच यशस्वी झाला आहे.

आणि हे सगळे आपल्यापासून फार लांब आहे, हाही गैरसमजच. उत्सर्जन घटवण्याइतकाच परिषदेतला मोठा विषय म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे. आवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि भात कापणीला आला की कोसळतो. तेव्हा तग धरतील अशी वाणे लागतात. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, 2020 च्या पद्मश्री सन्मानार्थींत त्यांचे नाव आले. जगातले देश ज्यासाठी पैसा मागतात, त्या कामाचा हा चालता नमुना मुलांना एका दिवसात पाहून येता येतो.

मुलांना परिषदेत कोण विचारतो, असेही म्हटले जाते. ठराव देशच करतात, मुले नाहीत. तरी 1992 मध्ये रिओत बारा वर्षांची सेव्हर्न सुझुकी बोलली होती, आणि ग्लासगोला तमिळनाडूची शाळकरी मुलगी, सौर इस्त्रीगाडीची रचना करणारी विनिशा उमाशंकर बोलली. तरुणांच्या गटाला परिषदेत अधिकृत निरीक्षकांचे स्थान आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती: पुढच्या परिषदेची बातमी आली की मुलांकडून शपथ घेऊ नका. काय ठरले, पैसा कोण देणार आणि केव्हापर्यंत, हे तीन प्रश्न त्यांना विचारायला शिकवा.