गृहपाठ कसा घ्यावा? (लेखांक ६) : शिक्का नको, अडलेली जागा शोधा

‘आमची थोरली बघून शिकते, धाकटा ऐकून,’ असं पालकसभांमधून हल्ली फार ऐकू येतं. न्यूझीलंडचे शिक्षक नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये सहकाऱ्यासह मांडलेल्या वर्गवारीमुळे ही कल्पना जगभर पसरली. हेतू चांगलाच होता. पण २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या ‘प्रकारा’नुसार शिकवल्यानं ते अधिक शिकतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरंच. मात्र ‘हा ऐकून शिकणारा’ असा शिक्का एकदा बसला, की मूल वाचनातून अंग काढून घेतं आणि आपणही ते चालवून घेतो. ही हानी मला गंभीर वाटते.

कान वापरायचा की डोळा, हे बहुतेक वेळा विषयच सांगतो. त्र्यंबकेश्वरला उगवणारी गोदावरी अरबी समुद्र इतका जवळ असताना पूर्वेला का वाहते, हे नकाशावर सह्याद्रीची रांग दाखवल्याशिवाय कुणालाच नीट उमगत नाही. कविता मात्र मोठ्यानंच म्हणायला हवी.

मग मुलांमुलांत फरक कुठे असतो? आधी काय येतं आणि नेमकं कुठे अडतं, यात. अपूर्णांकांचं गणित घ्या. १/२ + १/३ याचं उत्तर अनेक मुलं २/५ लिहितात. अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळी होतात. इथे लसावि काढायची रीत पुन्हा घोकून घेण्यात अर्थ नाही. सारख्या दोन पोळ्या घ्या. एकीची अर्धी बाजूला ठेवा, तिच्यात दुसरीचा तिसरा हिस्सा घाला आणि विचारा, ‘भर घातल्यावर पोळी अर्ध्याहून कमी होईल का?’ २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे, हे मुलाला स्वतःला दिसू द्या. मग दोन्ही पोळ्यांचे सारखे सहा-सहा भाग करा. ३/६ आणि २/६ मिळून ५/६ होतात, हे मूलच सांगेल. ज्याला हे आधीच कळलंय, त्याला पोळीत अडकवू नका. त्याला पुढची गणितं द्या.

पाठांतराचंही एक सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. म्हणून ‘धडा पुन्हा वाच’ म्हणण्याआधी पुस्तक मिटायला सांगा आणि आठवेल तेवढं मुलाच्या शब्दांत ऐका. मध्येच दुरुस्त करू नका. राहिलेलं मग पुस्तक उघडून त्यालाच शोधू द्या, आणि दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा विचारा.

या आठवड्यात वहीतलं एक चुकलेलं उत्तर घेऊन बसा. बरोबर उत्तर सांगण्याआधी मुलाला ‘हे कसं काढलंस?’ असं विचारा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.