कावीळ ‘डोक्यात जाते’ म्हणजे काय?

‘कावीळ डोक्यात गेली’ हे वाक्य रुग्णालयाच्या बाकड्यांवर आजही ऐकू येतं. ऐकणाऱ्यासमोर चित्र उभं राहतं ते पोटातून वर चढत शेवटी मेंदू गाठणाऱ्या पिवळ्या विषाचं. चित्र चुकीचं आहे. भीती मात्र खरी आहे.

डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन मोठ्या माणसाच्या मेंदूला सहसा धक्का लावत नाही. अपवाद नवजात बाळांचा. त्यांच्या मेंदूत ते खरोखर उतरू शकतं, म्हणून तर बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. मोठ्यांच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार अमोनिया. आतड्यात प्रथिनांच्या विघटनातून तो तयार होतो आणि यकृत त्याचं युरियात रूपांतर करून तो निकामी करतं.

यकृताचं हे काम टळलं तर काय होतं, हे कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात दिसलं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव म्हटलं की घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. त्याआधीची त्याची कुत्री फारशी कोणाला ठाऊक नाहीत. 1893 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नेन्स्की, पाव्हलॉव आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या नीलेत सोडलं. या कुत्र्यांनी मांस खाल्लं की ती चवताळत, अडखळत, झटके येऊन बेशुद्ध पडत. ना विषाणू, ना कावीळ. यकृताची गाळणी टळली, एवढंच कारण.

पुढचा घोटाळा मेंदूतल्या ताऱ्यासारख्या पेशींत होतो. त्यांना ॲस्ट्रोसाइट म्हणतात. चेतापेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट सोडतात आणि निरोप पोचला की उरलेलं ग्लुटामेट या पेशी झाडून घेतात. अमोनिया वाढला की त्याच पेशी त्याला ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामाइन बनवतात. ते साठलं की पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि झाडलोट बिघडते. निरोपांचा गोंधळ उडतो.

हा गोंधळ आधी वागण्यात दिसतो. माणूस रात्री टक्क जागा, दिवसा पेंगुळलेला. सही वेडीवाकडी होते, बेरीज चुकते. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितलं तर ते पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. जुन्या सिरोसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेल्या, रुग्णात हे सगळं डोळे जेमतेम पिवळे असतानाही होऊ शकतं. त्यामुळे पिवळेपणा किती उतरला हे रोज आरशात पाहणाऱ्यांची नजर चुकीच्या जागी लागलेली असते.

कावीळ उतरावी म्हणून घालतात ती माळ हा त्याच नजरेचा विस्तार. काड्यांचे तुकडे ओवलेली ती माळ वाढत जाते, कारण काड्या सुकून आक्रसतात आणि गाठी सैल होऊन दोरा मोकळा होतो. तोवर रुग्णही बरा होतो, कारण हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूजन्य काविळी बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. श्रेय माळेला!

पण कावीळ हे एका रोगाचं नाव नाही. दिल्लीत 1955-56 साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ती साथ कित्येक वर्षं ‘ए’ची समजली गेली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून ती ‘ए’ नव्हती, असं 1980 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून दाखवलं. पुढे या नव्या विषाणूला ‘ई’ नाव मिळालं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. ताज्या काविळीत बडबड किंवा गुंगी सुरू झाली, तर यकृत कोलमडत असल्याची ती खूण असते. तिथे तासांचा हिशेब असतो आणि दार गाठायचं ते यकृततज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाचं.

एक गैरसमज वैद्यकशास्त्राने स्वतःच पोसला. पाव्हलॉवच्या कुत्र्यांना मांस बाधलं, म्हणून सिरोसिसच्या रुग्णांची डाळ, दूध, अंडी कैक दशकं तोडली गेली. पण स्नायूही अमोनिया जिरवतात, आणि उपासमारीने झिजतात ते स्नायूच. आता अशा रुग्णांना वजनाच्या किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं द्यावीत, असा सल्ला असतो.

उपचारात लॅक्ट्युलोजची गोड, चिकट बाटली हाती आली की नातेवाईक चक्रावतात. बिघाड डोक्यात आणि औषध शौचाला होण्याचं? ते मोठ्या आतड्यात आम्लता वाढवतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि दिवसाकाठी दोन-तीनदा शौचावाटे निघून जातो. बद्धकोष्ठ झालं की तोच अमोनिया पुन्हा रक्तात शिरतो.