स्वतःच्या मापाचा पाय

३ जून १८६१ची पहाट. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. रात्रभर पाऊस कोसळत होता. अशा पावसात कोण कशाला येतंय, असं म्हणून दक्षिणेच्या सैन्याने फिलिपी गावाबाहेरचे पहारेकरीसुद्धा आत घेतले होते. उत्तरेचं सैन्य त्याच पावसातून चालत आलं. टेकडीवरून तोफा धडाडल्या तेव्हा चर्चव्हिलच्या घोडदळातली पोरं तबेल्यात झोपली होती. पहिले दोन गोळे छऱ्यांचे होते. तिसरा सहा पौंडी, भरीव. तो जमिनीवर आपटला, उसळला, तबेल्यात घुसला आणि एका पोराच्या डाव्या पायाचा चुराडा करून गेला.

पोराचं नाव जेम्स एडवर्ड हँगर, वय अठरा. आदल्या दिवशीच तो फिलिपीत पोचला होता; म्हणजे शिपाईगिरीला पुरता दिवसही झाला नव्हता. त्याचे साथीदार असे काही पळत सुटले की उत्तरेकडच्या पत्रकारांनी या चकमकीचं नावच ‘फिलिपीची शर्यत’ ठेवलं. हँगर तबेल्यातच पडून राहिला. साधारण चार तासांनी शत्रूचे शिपाई लुटीसाठी आत शिरले आणि तो त्यांना सापडला. ओहायोच्या १६व्या पलटणीच्या सर्जनने त्याचा पाय मांडीतून, खुब्याखाली वीतभर अंतरावर कापला. चर्चचं दार बिजागऱ्यांतून काढून आडवं टाकलं आणि त्यालाच शस्त्रक्रियेचं टेबल केलं, असं गावात सांगतात. या युद्धात पुढे सुमारे साठ हजार अवयव कापावे लागले. ही त्यातली पहिली नोंद.

शत्रूच्या डॉक्टरने वाचवलेला हा मुलगा पुढे साठेक वर्षांत अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला कृत्रिम पाय बनवणारा झाला. आठ मुलांचा बाप झाला. सहाही मुलगे त्याच्याच कारखान्यात कामाला लागले. त्याच्याविषयी जे छापून आलं आहे त्यातलं पुष्कळसं त्याच्या घराण्यातून आणि कंपनीतून आलेलं आहे. तेव्हा ते चाळूनच घ्यायला हवं.

व्हर्जिनियातल्या ऑगस्टा परगण्यात, चर्चव्हिलजवळच्या माउंट होप या घरी २५ फेब्रुवारी १८४३ रोजी त्याचा जन्म झाला. लेक्सिंग्टनच्या वॉशिंग्टन कॉलेजात तो इंजिनिअरिंग शिकत होता. भाऊ आधीच सैन्यात गेलेले. शिक्षण अर्धवट सोडून हाही निघाला. ज्या बाजूने तो लढायला गेला ती बाजू गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होती, हे इथेच सांगून टाकतो. त्याच्या हातांच्या कौतुकात हे झाकून जाऊ नये.

पाय कापल्यावर तो उत्तरेच्या कैदेत होता. ऑगस्ट १८६१मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून घरी आला. पायाच्या जागी मिळाला होता सरळसोट लाकडी खुंट. घरी आल्यावर त्याने वरच्या मजल्यावरची आपली खोली गाठली आणि दार लावून घेतलं. मला एकट्याला राहू द्या, एवढंच सांगितलं. जेवणाची ताटं वर जायची. मधूनमधून तो काही वस्तू मागायचा: पिंपाच्या फळ्या, विलोचं लाकूड, रबर, धातूचे तुकडे. पोरगं दुःखात बुडालंय, हात रिकामे नकोत म्हणून काहीबाही कोरत बसत असेल, असं घरच्यांना वाटलं. तीनेक महिन्यांनी, नोव्हेंबरच्या सुमारास, तो जिना उतरून खाली आला. दोन पायांवर.

ही गोष्ट इतकी नेटकी आहे की संशय यावा. तरी तिच्यातला जिन्याचा तपशील मला खरा वाटतो, आणि त्याला कारण आहे.

पाय गुडघ्याखाली गेला तर माणसाचा स्वतःचा गुडघा शाबूत राहतो. मांडीतून गेला की सगळा खेळच बदलतो. कृत्रिम गुडघ्याकडून दोन उलट गोष्टींची अपेक्षा असते. पाऊल उचलून पुढे नेताना तो वाकला पाहिजे आणि अंगाचा भार आला की अजिबात वाकता कामा नये. खुंटाच्या पायाला गुडघा नसतो, त्यामुळे माणूस पडत नाही. पण दर पावलाला त्याला कंबर उचलून पाय बाजूने फिरवून पुढे आणावा लागतो. नुसती बिजागरी बसवली तर दुसऱ्याच पावलाला माणूस कोसळेल. कारागिराची युक्ती अशी: गुडघ्याची खीळ भाराच्या रेषेच्या किंचित मागे बसवायची. मग अंगाचा भार आला की तो गुडघ्याला वाकवत नाही, उलट सरळ करून अडकवतो. खीळ जराशी पुढे सरकली तर पाय दगा देतो, फार मागे गेली तर पाय ताठ होतो आणि चालताना ओढावा लागतो. ही जागा कागदावरच्या मापाने पुरती सापडत नाही. घालून, चालून, पडून, परत तासून सापडते. सपाट फरशीवर हे जमलं तरी जिना उरतोच. त्यातही चढण्यापेक्षा उतरणं कठीण, कारण उतरताना भार नेमका गुडघा वाकवण्याच्या बाजूला येतो. जिना उतरून दाखवणं हीच अशा पायाची परीक्षा आहे, हे बाहेरून गोष्ट रचणाऱ्याला सहसा सुचणार नाही.

पिंपाच्या फळ्याच का, याचाही मी बराच विचार केला. पिंपाची फळी मुळातच बाकदार असते आणि मुरलेल्या लाकडाची असते. मांडीचा पोकळ भाग आणि पोटरी घडवायला हा बाक आयताच मिळतो, असा माझा तर्क. विलोचं लाकूड म्हणजे ज्याची क्रिकेटची बॅट करतात तेच. वजनाला हलकं, मार सोसणारं, कोरायला सोपं. पुढची कित्येक दशकं अमेरिकेतले आणि युरोपातले चांगले कृत्रिम पाय विलोचेच होते. आतून कोरून पोकळ करायचे, बाहेरून कच्चं कातडं ताणून चढवायचं, म्हणजे सुकताना ते आवळून बसतं आणि लाकूड फाटत नाही. वरून रंगाचे थर.

कंपनीच्या जाहिराती हँगरला सांध्याच्या पायाचा जनकच ठरवून मोकळ्या होतात. ते तितकंसं खरं नाही. लंडनच्या जेम्स पॉट्सने १८०० साली गुडघा, घोटा आणि बोटं एकमेकांशी तातीने जोडलेला पाय केला होता. वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेल्या अँगलसीच्या उमरावाने तो वापरला म्हणून त्याचंच नाव त्या पायाला चिकटलं. १८३९च्या सुमारास विल्यम सेल्फोने तो अमेरिकेत आणला. १८४६ साली बेंजामिन फ्रँकलिन पामरने सुधारलेल्या पायाचं पेटंट घेतलं. त्याचा पाय १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला. हा पामर स्वतः एका पायाने अधू होता. पहिल्या महायुद्धाच्या आधी हलका धातूचा पाय आणणारा वैमानिक मार्सेल देसूतेर, त्यानेही १९१३ साली विमान अपघातात पाय गमावला होता आणि त्याच्या भावाने तो पाय घडवला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण या धंद्यात शब्दशः खरी आहे. हँगरने आधीच्या पायांमधली ताती आणि स्नायूंसारख्या दोऱ्यांची गुंतागुंत टाळून रबराचा आधार घेतला. दोरी ताणते, सैल पडते, तुटते. रबराचा तुकडा झिजला की बदलता येतो. खेड्यातल्या शेतकऱ्याला लंडनचा कारागीर कुठून मिळणार? त्याला दुरुस्तीला सोपा पाय हवा होता.

गिऱ्हाईक शोधायला त्याला बाहेर जावं लागलं नाही. त्या काळच्या रायफलींमधली मऊ शिशाची गोळी हाडावर आदळली की पसरायची आणि हाडाचा भुगा करायची. सांधण्यासारखं काही उरायचंच नाही; कापणं हाच उपाय. वॉशिंग्टनच्या सरकारने १८६२ साली आपल्या जखमी शिपायांना पायासाठी ७५ आणि हातासाठी ५० डॉलर मंजूर केले. दक्षिणेच्या शिपायांना अर्थातच त्यातलं काही नव्हतं. मार्च १८६३मध्ये हँगरने दक्षिणेच्या सरकारकडून आपल्या पायाचं पेटंट मिळवलं. पुढच्या वर्षी तिकडे जायबंदी शिपायांसाठी मदतसंस्था निघाली आणि तिच्या कामात हँगरचा पाय आघाडीवर राहिला. युद्ध हरल्यावर १८६६ साली मिसिसिपी राज्याच्या महसुलाचा पाचवा हिस्सा एकट्या कृत्रिम अवयवांवर खर्च झाला. एवढ्या एका आकड्यात त्या मुलखाची अवस्था कळते. १८७१ साली हँगरला अमेरिकेचंही पेटंट मिळालं. ज्या देशाविरुद्ध तो लढला, त्याच देशाचा कागद.

१८७३मध्ये रिचमंडच्या नोरा मॅकार्थीशी त्याने लग्न केलं. सहा मुलगे, दोन मुली. १८८०च्या दशकात बिऱ्हाड आणि धंदा वॉशिंग्टनला हलला. एकाच माणसाच्या नावावर या काळात किती निरनिराळ्या वस्तू आहेत, ते पाहून गंमत वाटते: कृत्रिम अवयव कातण्याचा लेथ, पाण्यावर चालणारं चक्र, खिडकीची पट्ट्यांची पडदी, मागे झुकवता येणारी खुर्ची. पोरांना खेळायला त्याने घोड्याविना चालणारी गाडीही करून दिली होती. झुकत्या खुर्चीचं मला तरी नवल वाटत नाही. दिवसभर लाकडी पायावर उभं राहणाऱ्याला संध्याकाळी नीट टेकायला काय लागतं, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

लेथचं महत्त्व जास्त. पायाचे खालचे भाग यंत्रावर कातता येतात, एकसारखे, झटपट. मांडी बसते तो वाडगा, ज्याला आपल्याकडच्या केंद्रांतही सॉकेट म्हणतात, तो मात्र माणसागणिक वेगळा. उरलेली मांडी काही लाकडासारखी एकाच मापाची राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने ती आक्रसत जाते, उन्हाळ्यात सुजते, घामाने सोलवटते. सकाळी घट्ट बसणारा पाय संध्याकाळी सैल होऊन खाली सरकतो, म्हणून लोकरीचे मोजे एकावर एक चढवायचे. गिऱ्हाईक म्हणतं “इथे टोचतंय”, आणि टोचण्याचं कारण पुष्कळदा दुसरीकडेच असतं. अशा वेळी समोरचा कारागीर स्वतः तसलाच पाय घालून उभा असेल तर बोलणं लवकर संपतं. हँगरच्या यशाचं मूळ मला पेटंटपेक्षा इथे दिसतं. आपल्या मालाची रोजची खोट तो संध्याकाळी स्वतःच्या अंगावर घेऊन घरी जात होता आणि घरातले सहा जण तीच विद्या बघत वाढत होते. बापाचा पाय दुखला की उद्या कारखान्यात काय बदलणार, हे त्या पोरांना जेवणाच्या टेबलावरच कळत असणार.

या पायाची मर्यादाही सांगायला हवी. तो बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. आपल्याकडे पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सुरू झालं. पण खेड्यातला माणूस विलायती घडणीचा पाय घेऊन घरी गेला की उकिडवं बसता येईना, अनवाणी चिखलात उतरता येईना, मांडी घालून पंगतीत बसता येईना. तो पाय कोपऱ्यात जायचा आणि कुबड्या परत यायच्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रामचंद्र शर्मा या कारागिराच्या साथीने रबराचं, अनवाणी चालणारं पाऊल घडवलं, ते याच अडचणीतून. रामचंद्रजींना सगळे मास्टरजी म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन ज्या पायावर पुन्हा नाचल्या तो हाच. हँगरचं आणि मास्टरजींचं रबर एकाच कामाचं होतं, पण बसायच्या सवयी वेगळ्या म्हणून पाय वेगळा झाला.

१९०५च्या सुमारास हँगरने रोजचा कारभार मुलांवर सोपवला. तरी १९१५ साली, सत्तरी ओलांडलेला असताना, तो युरोपात गेला. महायुद्धात एकट्या ब्रिटनच्या ४१ हजारांवर शिपायांनी हात किंवा पाय गमावले. लंडनजवळच्या रोहॅम्प्टनच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी अमेरिकी कंपन्यांना कार्यशाळा उघडायला बोलावलं गेलं आणि त्यात हँगरची कंपनी होती. चोपन्न वर्षांपूर्वी तबेल्यात पडलेल्या पोराच्या वयाची मुलं तिथे रांगेत बसलेली असत.

९ जून १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो वारला. तोवर अटलांटा, सेंट लुईस, फिलाडेल्फिया, पिट्सबर्गपासून लंडन-पॅरिसपर्यंत शाखा झाल्या होत्या. धंदा पुढे बराच काळ घरातच राहिला. आता नाव हँगरचं असलं तरी मालकी घराण्याची नाही. २०२२ साली एका गुंतवणूक कंपनीने हँगर कंपनी विकत घेतली. दरम्यान गुडघ्यात संगणक आला. भार कधी येतोय हे संवेदक ओळखतात आणि खीळ कुठे बसवायची हा प्रश्न बराचसा सोपा झाला आहे. सॉकेटचा झालेला नाही. त्यासाठी अजूनही मांडीचा साचा काढतात किंवा स्कॅन करतात, माणसाला चालवून बघतात, आणि तो “इथे टोचतंय” म्हणाला की परत तासायला घेतात.