मनोरुग्ण परिचर्येचे शिक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनोरुग्णांच्या वॉर्डात काम करायला अंगात ताकद हवी, शिक्षण बेताचे असले तरी चालते, हा या पेशाविषयीचा सर्वांत घातक समज आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने जखडणे आणि एकांतात कोंडणे निषिद्ध आहे. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच मनोविकारतज्ज्ञाच्या आदेशाने त्याला आवरून धरता येते. म्हणून खवळलेल्या माणसाशी हळू आवाजात, लहान वाक्यांत कसे बोलावे, त्याच्यापासून किती अंतर राखावे, हे रीतसर शिकवले जाते.

हा समुपदेशनाचाच एखादा कोर्स आहे, असेही अनेकांना वाटते. भारतात मात्र पाया सर्वसाधारण परिचर्येचाच असतो: ३ वर्षांचे जीएनएम किंवा ४ वर्षांचे बीएस्सी नर्सिंग. मनोरुग्ण परिचर्या हा विषय त्यातही असतोच. नर्स म्हणून नोंदणी झाल्यावर १ वर्षाची पदविका किंवा बीएस्सीनंतर २ वर्षांचे एमएस्सी करता येते. बंगळूरची निम्हान्स ही त्यासाठीची नामवंत संस्था. ब्रिटनमध्ये ही शाखा पदवीच्या सुरुवातीलाच निवडतात.

शरीराचा अभ्यास इथे सुटत नाही, उलट अधिक बारकाईने करावा लागतो. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर एखाद्याची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. नातेवाइकांना ते झपाटणे वाटते. शिकलेली परिचारिका तो औषधाचा दुष्परिणाम म्हणून ओळखते आणि डॉक्टरांना बोलावते. त्यावर उतारा आहे. लिथियम घेणाऱ्याला जुलाब लागले, हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवणे आणि रक्ततपासणी होईल हे पाहणे तिचेच काम. गोळी गिळली की गालात दडवली, हेही तिलाच पाहावे लागते.

आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार डोक्यात भरतो, ही भीतीही निराधार आहे. थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, आणि असे विचारण्याचा सराव प्रशिक्षणातच करून घेतला जातो.

नोकरी फक्त येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतच मिळते, हेही खरे नाही. सर्वसाधारण रुग्णालयांचे मनोविकार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रे आणि १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, या सगळ्यांना प्रशिक्षित परिचारिका आणि परिचारक लागतात.