नौदलाचा अधिकारी, ॲटक्स शाळेचा मास्तर

दिवे मालवण्याची वेळ झाली की बराक अंधारात बुडायची. मग सोळा तरुण उठायचे, खिडक्यांवर ब्लँकेटे लावायचे आणि न्हाणीघरात बॅटरीच्या उजेडात एकमेकांना शिकवायचे. साल १९४४. ठिकाण अमेरिकेतले ग्रेट लेक्स नौदल केंद्र. त्या सोळांत एक होते ग्रॅहम मार्टिन. त्यांची हकिगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या नौदलात १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयाने गोऱ्या अधिकाऱ्यांना जेवण वाढावे, असाच शिरस्ता होता. महायुद्धाने दार किलकिले केले. सुमारे एक लाख कृष्णवर्णीय खलाशी झाले, पण त्यांच्यात अधिकारी एकही नव्हता. अखेर जानेवारी १९४४ मध्ये या सोळांना प्रशिक्षणाला घेतले, तेही गोऱ्यांपासून वेगळे. गोऱ्यांना सोळा आठवडे मिळत, यांना आठच!

तरी सगळे पास झाले. वरिष्ठांचा विश्वास बसेना. पुन्हा परीक्षा घेतली, तर गुण आणखी वाढले. एवढे होऊनही मार्चमध्ये अधिकारपद मिळाले तेराच जणांना. पुढे त्यांना ‘गोल्डन थर्टीन’ म्हणू लागले. तेव्हा मात्र अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश असूनही ऑफिसर्स क्लबात त्यांना मज्जाव होता. सलाम ठोकावा लागू नये म्हणून गोरे खलाशी रस्ता ओलांडून पलीकडे जात.

मार्टिन हे इंडियानापोलिस शहराचे. इंडियाना विद्यापीठाच्या संघात फुटबॉल खेळलेले, हॉवर्ड विद्यापीठातून इतिहासात एम.ए. झालेले. युद्धानंतर ते आपल्या शहरात परतले आणि क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलमध्ये शिक्षक व क्रीडा प्रशिक्षक झाले. ही शाळा १९२७ साली कृष्णवर्णीय मुलांना वेगळे काढण्यासाठीच उघडलेली. पण इतरत्र ज्यांना दारे बंद, असे उच्चशिक्षित कृष्णवर्णीय तिथे शिकवायला आले आणि शाळेचे नाव झाले. १९५५ साली तिथल्या मुलांनी बास्केटबॉलमध्ये राज्याचे विजेतेपद जिंकले.

१९८७ साली नौदलाने ग्रेट लेक्स केंद्रातील एका इमारतीला त्या तेरांचे नाव दिले. मार्टिन २००६ साली वारले.

घरात मुले अभ्यासाला बसली की त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आम्हाला त्यातले मोल वाटते ते त्या न्हाणीघराचे. तिथे एकट्याने पुढे जायचे नव्हते. ज्याला जे येत होते, ते तो दुसऱ्याला शिकवीत होता. मार्टिन मास्तरांनी पुढे जन्मभर तेच केले.